महालक्ष्मीचा मुखवटा स्वप्नात येऊन राहिला : नागपूरच्या एका काकूंचं प्रकरण

वाईट स्वप्न पडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, याचा अर्थ काय? आणि अर्थ सांगणारे तर घराघरात बसलेत. समुपदेशनाच्या कामात मला मात्र दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. स्वप्नात नेमकं हेच का दिसतं हा एक, आणि ते इतक्या वेळा का पडून राहिलं हा दुसरा. लोक पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचं उत्तर शोधतात आणि मग पूजा होते, शांती होते, खर्च होतो, झोप काही लागत नाही. हे प्रकरण त्याच गुंत्याचं आहे. काकूंना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काकू ५८ वर्षांच्या. अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून जवळच्या एका गल्लीत त्यांचं घर, तळमजल्यावर स्वतः आणि वर भाडेकरू, शिकणारी पोरं. काका सरकारी नोकरीतून रिटायर, मुलगी पुण्याला, मुलगा हैदराबादला. २०२५ च्या मार्चपासून काकूंना आठवड्यातून चार-पाच रात्री एकच स्वप्न पडायला लागलं. भर उन्हाळ्यात मुलगी घरी आली, आईचे डोळे बघितले आणि धरूनच माझ्याकडे घेऊन आली. काकूंचं पहिलं वाक्य होतं, "झोपायचीच भीती वाटून राहिली मॅडम, काहून असं होते समजत नाही."

स्वप्न असं. त्या जिन्यावर आहेत, पदरात महालक्ष्मीचा मुखवटा गुंडाळलेला आहे. एकेक पायरी चढताना मुखवटा जड होत जातो, पाणी पायरी-पायरीनं मागून येतंय. वरच्या वळणावर त्या पदर उघडून बघतात तर मुखवट्याचं तोंड उघडं, आत चिखल भरलेला, आणि तो काहीतरी बोलतोय पण आवाज येत नाही. मागे वळायचं असतं, मान वळतच नाही. तिथे जाग येते, पहाटे चारच्या आसपास, अंग घामानं चिंब, आणि मग सकाळपर्यंत देव्हाऱ्यासमोर बसून राहायचं.

आता विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात आणि हे घरातलं वर्षाचं सगळ्यात मोठं काम असतं. पहिल्या दिवशी बसवायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, वर टांगलेला फुलोरा, तिसऱ्या दिवशी उठवायच्या. ज्या घरी आहेत त्या घरचे लोक हमखास म्हणतात की आमच्या महालक्ष्म्या कडक आहेत, काही चुकलं तर चालत नाही. तो मुखवटा चिखल भरून रोज समोर येत असेल तर त्या बाईचं काय होत असेल ते समजून घ्या.

माझ्याकडे येईपर्यंत अर्थ सांगून झाले होते, तेही भरपूर. शेजारच्या बाई म्हणाल्या देवीचा कोप, कुठेतरी ओवळं झालं असेल. मोबाइलवरच्या एका स्वप्नशास्त्राच्या व्हिडिओत होतं की स्वच्छ पाणी म्हणजे धनलाभ आणि गढूळ पाणी म्हणजे घरात आजारपण. काकूंच्या भावानं महाल भागातल्या एका ज्योतिषाला पत्रिका दाखवली, तिथे पितृदोष निघाला आणि त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचं ठरत आलं होतं. मुलीचा अर्थ शिकलेला होता, "आई, हा सरळ सरळ ट्रॉमा आहे, पुराचा." आणि या सगळ्यावर घरातलं एकमत असं की स्वप्न पहाटेचं आहे, पहाटेची स्वप्नं खरी होतात, म्हणजे ही काहीतरी सूचनाच आहे.

पुराचं सांगायलाच हवं. २३ सप्टेंबर २०२३, शनिवार. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, बायका दमून झोपलेल्या, आणि मध्यरात्रीनंतर जो पाऊस सुरू झाला त्यानं काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाणी टाकलं. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागात लोक जागे झाले तेव्हा पाणी पलंगाला लागलेलं होतं. लष्कर बोलवावं लागलं, माणसं गेली. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या होत्या त्यांच्या महालक्ष्म्या उठवायच्या आधीच पाण्यात उभ्या होत्या.

म्हणजे मुलीचा अर्थ वरवर पाहता बरोबरच. पूर, जिना, मुखवटा, सगळं जुळतं. पण मला तारीख खटकली. पूर सप्टेंबर २०२३ चा, स्वप्नं मार्च २०२५ ची. मध्ये दीड वर्ष काकू बऱ्यापैकी झोपत होत्या. आघातानंतरची स्वप्नं उशिरानं सुरू होऊ शकतात, होतात कधीकधी, पण उशिरा सुरू झाली असतील तर तेव्हा काय घडलं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं मत. म्हणून अर्थाची चर्चा मी बाजूला ठेवली आणि मार्चमध्ये काय बदललं एवढंच विचारत बसले. घर? नाही. कोणी गेलं? सासूबाई गेल्या, पण त्या २०२४ च्या फेब्रुवारीत, वय ८६, न्यूमोनियानं. औषध? "बीपीची तर जुनीच आहे," काकू म्हणाल्या, मग काकांनी पिशवीतून गोळ्यांचा पत्ता काढला, "आणि ही नवी, धडधड होते, हात थरथरतो म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी सुरू केली."

प्रोप्रॅनोलॉल. रात्री जेवणानंतर.

ही बीटा ब्लॉकर जातीची, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी आहे, चांगली गोळी आहे, हाताच्या थरथरीवर पहिल्या पसंतीची मानतात. पण ती चरबीत विरघळणारी असल्यामुळे मेंदूत सहज शिरते, आणि ठसठशीत, भीतिदायक स्वप्नं हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. अशी बरीच औषधं आहेत, काही अँटिडिप्रेसंट, दम्या-सर्दीसाठी सर्रास दिलं जाणारं माँटेलुकास्ट (त्याच्या मानसिक दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, २०२० मध्ये सगळ्यात कडक दर्जाचा इशारा छापायला लावला), आणि रोज दारू पिणाऱ्यानं अचानक बंद केली तरी स्वप्नांचा पूर येतो. स्वप्नाचा अर्थ विचारायला आलेल्या माणसाला आधी औषधाचा पत्ता दाखवा म्हटलं की त्याचा चेहरा पडतो, त्याला काहीतरी गूढ ऐकायचं असतं. पण मी तो नियम मोडत नाही.

इथे एक कळकळीची सूचना. असं वाचून कोणी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, बीटा ब्लॉकर अचानक थांबवली तर बीपी आणि ठोके उसळतात, हृदयाचा त्रास असणाऱ्याला ते फार महागात पडू शकतं.

दुसरी गोष्ट मी काकांना एकट्यात विचारली, काकू झोपेत हातपाय झाडतात का, ओरडतात का, पलंगावरून पडल्या का, घोरतात का. हे विचारायचं कारण असं की स्वप्न पडतं त्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, शरीराचे स्नायू जवळजवळ बंद असतात. १९५३ मध्ये शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ही झोप पहिल्यांदा नीट नोंदवली. साठीच्या आसपास माणूस स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष करायला लागला तर ती कधीकधी पार्किन्सनची फार आधीची खूण असते, आणि इथे तर हातही थरथरत होता. काका म्हणाले, "नाही, ती हलतच नाही, नुसती दचकून उठते. घोरतो तर मी." तरी न्यूरॉलॉजिस्टला दाखवून घ्या म्हटलं, त्यांनी तपासून पार्किन्सनची लक्षणं नाहीत, साधी थरथर आहे असं सांगितलं, थायरॉइडही नॉर्मल आला.

पहाटेचं कोडंही याच झोपेत सुटतं. रेम झोपेचे टप्पे रात्र सरत जाते तसे लांबत जातात, सगळ्यात लांब टप्पे शेवटच्या तिसऱ्या भागात. म्हणजे जास्तीत जास्त स्वप्नं पहाटेलाच पडणार, आणि त्यातून जाग आली की तीच लक्षात राहणार. लहान मुलं रात्री अकरा-बाराला किंचाळत उठतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नाही तो प्रकार निराळा, तो गाढ झोपेतला. काकूंचा मामला सरळ होता, स्वप्न तपशिलासकट आठवत होतं आणि वेळ पहाटेची, म्हणजे दुःस्वप्नच. हे मी कागदावर आडव्या रेघा काढून दाखवलं तेव्हा काकांना पटलं, काकूंना नाही. त्या म्हणाल्या, "वेळेचं मानलं मॅडम. पण तोंडात चिखल काहून?"

बरोबर विचारलं त्यांनी. गोळीमुळे स्वप्नं वाढली असतील, पण गोळीला काय माहीत महालक्ष्मी कोण. चित्र तर काकूंच्याच आतलं होतं.

दरम्यान काकूंचे भाऊ, म्हणजे मुलीचे मामा, एकदा सोबत आले होते, शास्त्राचं बोलत होते, तर मीही शास्त्रच काढलं. चरकसंहितेत इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत, पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोषांमुळे पडणारं. आणि यातले पहिले पाच वैद्यानं निष्फळ समजावेत असं तिथेच म्हटलंय. म्हटलं मामा, ताईंनी पाणी पाहिलंय, अनुभवलंय, तुमच्याच शास्त्रानं हे स्वप्न फळ देणारं नाही. मामा हसले, "तुम्ही तर वकील निघाल्या." नागबळी रद्द झालं नाही पण पुढे ढकललं गेलं, माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

चित्राचं काम करताना मी मुखवटा म्हणजे काय हे विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर काकूंच्या डोक्यात शेजारणीनं आधीच भरून ठेवलं होतं. मी त्यांना स्वप्न वर्तमानकाळात सांगायला लावते आणि कडेकडेच्या गोष्टी विचारते. जिना कोणता, घरचाच ना? उजेड आहे का? पायात काय आहे? काकू सांगत गेल्या, घरचाच, अंधार, लाइट गेलेली, पायात काही नाही. मग मी विचारलं, तुम्हाला मागे वळायचंय पण मान वळत नाही, तर त्या जिन्याच्या मागे घरात काय आहे? "हॉल." हॉलच्या मागे? बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आईची खोली."

आई म्हणजे सासूबाई. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच होत्या. पुराच्या रात्री आधी बाथरूमच्या मोरीतून पाणी वर आलं आणि मग समोरच्या दारातून. काकू हॉलमध्ये धावल्या, दोन्ही मुखवटे पदरात घेतले, भाडेकरू पोरांच्या खोलीत नेऊन ठेवले आणि मग खाली आल्या. तोवर आईच्या पलंगावर पाणी चढलेलं, त्या खिडकीचे गज धरून बसलेल्या, ओल्या, थरथरत, हाका मारत. पोरांनी आणि काकांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. काही झालं नाही त्यांना. त्यानंतर पाच महिने जगल्या.

आणि त्या पाच महिन्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई कौतुकानं सांगायच्या की माझ्या सुनेनं पाण्यातून महालक्ष्म्या वाचवल्या. नातेवाईक म्हणायचे देवी वाचवल्या म्हणून घर वाचलं. तेराव्याला आलेल्या बायकाही तेच बोलल्या. ज्या गोष्टीचं काकूंना मनातून टोचत होतं नेमक्या त्याच गोष्टीचं कौतुक चाललं होतं, आणि ज्याचं कौतुक होतंय त्याची कबुली कोणाजवळ देणार? मला या प्रकरणात हीच जागा सगळ्यात अवघड वाटली. कोणी दोष दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

स्वप्नात सासूबाई एकदाही आल्या नव्हत्या हे लक्षात घ्या. म्हणून तर सगळे देवीवरच अडकले. मुखवटा बोलतोय पण ऐकू येत नाही, हाका कोणाच्या होत्या ते मी सांगितलंच नाही, काकूच बोलल्या, "आईच हाका मारून राहिल्या होत्या ना तेव्हा." आता यावरून कोणी असं ठरवू नये की मुखवटा दिसला म्हणजे सासूबद्दलची अपराधी भावना. दुसऱ्या घरच्या बाईला हाच मुखवटा दिसेल आणि त्यात माहेरची आठवण असेल. स्वप्नाचा डिक्शनरीसारखा अर्थ लावता येत नाही, ज्याचं स्वप्न त्याच्याच आठवणी लागतात, फ्रॉइडचं बाकी बरंच मला पटत नाही पण त्यानं हे ठामपणे सांगितलं ते पटतं. अर्थ बरोबर लागला की नाही याची माझी कसोटी साधी आहे, ऐकून माणूस आतून हललं का, आणि त्यानंतर स्वप्न बदललं का.

मी आधी वेळेच्या बाजूनं प्रयत्न केला. काकूंना वाटायचं आई अर्धा तास पाण्यात होत्या, काकांच्या हिशेबानं फार तर पाच-सात मिनिटं. हे ऐकून काकूंना काहीच फरक पडला नाही. "किती वेळ त्याचं नाहीच मॅडम. मी आधी कोणाकडे गेली त्याचं आहे." तेव्हा मी काकांना खोलीत बोलवलं आणि काकूंना हेच त्यांच्यासमोर बोलायला सांगितलं. काका ऐकत राहिले, आणि मग जे बोलले ते मी अपेक्षिलेलं नव्हतं. "अगं, तू देवीकडे तरी गेलीस, मी तर गाडी काढायला गेलतो." त्यांनाही दीड वर्ष तेच खात होतं आणि दोघं एका पलंगावर झोपून एकमेकांना बोलले नव्हते. काकू रडता रडता हसल्या. गाडी वाचली का, मी विचारलं. नाही, इंजिनात पाणी गेलं, भंगारात विकली.

उपचार दोन बाजूंनी झाला. फिजिशियनना मी चिठ्ठी लिहिली, त्यांनी प्रोप्रॅनोलॉल हळूहळू कमी करत बंद केली, थरथर तशीही किरकोळच होती, बीपीच्या गोळीत थोडा बदल केला. आणि माझ्या बाजूनं स्वप्न बदलून सराव करण्याची पद्धत, इमेजरी रिहर्सल थेरपी. अमेरिकेतल्या बॅरी क्राकाव यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बायकांवरचा हिचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि २०१८ मध्ये अमेरिकन झोपतज्ज्ञांच्या संघटनेनंही दुःस्वप्नांसाठी तिची शिफारस केली. ऐकायला पोरकट वाटते. जागेपणी स्वप्न कागदावर लिहायचं, त्यात हवा तो बदल करायचा, आणि नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. जुनं उगाळायचं नाही. बदल माणसानं स्वतः निवडायचा असतो, मी सुचवलेला काकूंनी नाकारलाच. मी म्हटलं मुखवटा खाली ठेवून वळा. "महालक्ष्मी खाली कशी ठेवू?" खरंय. त्यांनी लिहिलं ते असं, वळणावर भाडेकरू पोरगा उभा आहे, त्या त्याच्या हातात पदरातलं देतात, "धर रे, सोवळ्याचं नंतर पाहू," आणि वळून खाली जातात. एवढंच. आई सापडल्या की नाही ते लिहिलं नाही आणि मीही लिहायला लावलं नाही. सराव दुपारी जेवणानंतर करायचा असं ठरलं, झोपायच्या आधी नको.

निकाल प्रामाणिकपणे सांगायचा तर, गोळी बंद झाल्यानंतर काही आठवड्यांतच स्वप्न आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं, पण तेच स्वप्न, तोच चिखल. सरावाचा परिणाम मागाहून दिसला, जुलैत काकूंचा फोन आला की स्वप्न पडलं पण मान वळली. त्यानंतर महिन्यातून एखाद्या वेळी, मग तेही विरळ. दोन्ही उपाय एकमेकांवर आलेले असल्यामुळे कशाचं श्रेय किती हे काटेकोर मोजता येत नाही, माझा अंदाज असा की संख्या गोळीनं कमी झाली आणि चित्र सरावानं आणि त्या काका-काकूंच्या बोलण्यानं बदललं. नुसती गोळी बदलून थांबलो असतो तर स्वप्न कमी वेळा पडलं असतं पण अपराधीपणा तिथेच राहिला असता, आणि नुसत्या अर्थावर बसलो असतो तर काकू रात्री गोळी घेऊन पहाटे पुन्हा जिन्यावर.

नागबळीऐवजी मामांनी पितृपक्षात सासूबाईंच्या तिथीला अन्नदान करवलं. मी विरोध केला नाही, करायचं कारणही नव्हतं. २०२५ च्या महालक्ष्म्या नेहमीसारख्या बसल्या, फक्त खाली हॉलमध्ये न बसवता वरच्या मजल्यावर, पोरांनी एक खोली रिकामी करून दिली.

अशा स्वप्नांसोबत जगणं नको वाटणं, दिवसाही त्याच गोष्टी डोळ्यांसमोर येणं, आठवडेच्या आठवडे झोप नसणं असं काही असेल तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मराठीतही बोलतो. काकूंच्या बाबतीत तेवढी वेळ आली नव्हती.

एक गोष्ट राहिली आहे. रात्री जोराचा पाऊस लागला की काकू अजून उठतात, मोबाइलवर हवामान खात्याचा अलर्ट बघतात, मोरीच्या तोंडावर ओल्या पोत्यात रेती भरून ठेवतात, कागदपत्रांची पिशवी वर नेतात. मुलीचं म्हणणं आहे की ही एन्झायटी आहे, हिच्यावरही काहीतरी करा. मी फाइलीत लिहिलंय, उपचाराची गरज नाही. नाग नदीच्या काठी तळमजल्यावर राहणारी बाई ऑरेंज अलर्टच्या रात्री जागी राहते, यात मला आजार दिसत नाही, आणि मुलीला मी हेही म्हटलं की काळजी असेल तर आईवडिलांना वरच्या मजल्यावर राहायला जायला सांग, पोरांना खाली द्या. त्यावर घरात अजून बोलणी चालू आहेत.